बोटीचं डिझेल इंजिन तापतंय? पाण्याच्या मागोमाग जा

नाशिकला समुद्र नाही, पण डिझेल इंजिनावर हात बसलेली माणसं घरोघरी आहेत. कुणी द्राक्षबागेतल्या विहिरीवरच्या पंपसेटवर शिकलेलं असतं, कुणी मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या टेम्पोवर. यातलीच काही मुलं पुढे गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला बोटीवर लागतात, काही कोकणात लाँचवर जातात. तिथं पहिल्यांदा इंजिन तापलं की हात सवयीने एकाच जागी जातो: थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून आतल्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, काढायचा आणि बाजूला टाकायचा. टेम्पोला अनेक गॅरेजांत हेच केलं जातं. मीही सुरुवातीला तेच करत होतो. बोटीच्या इंजिनाला त्याने फायदा तर होत नाहीच, उलट खरा दोष झाकला जातो आणि इंजिन हळूहळू खराब होत जातं. म्हणून नवीन मुलांना मी एकच पद्धत शिकवतो: पाणी बोटीत जिथून शिरतं तिथून निघायचं, आणि ते जिथं बाहेर पडतं तिथपर्यंत त्याच्या मागोमाग जायचं. मधला एकही टप्पा सोडायचा नाही.

आधी दोन पाणी वेगळी ओळखा

टेम्पोला रेडिएटर असतो, पुढून वारा लागतो. बोटीचं इंजिन पेटीत बंद असतं, त्याला वारा मिळत नाही. धरण किंवा समुद्र हाच त्याचा रेडिएटर. बहुतेक लहान इंजिनांत पाण्याचे दोन फेरे असतात. बाहेरचं पाणी बोटीच्या तळाच्या कॉकमधून (उघडझाप करायच्या तोटीतून) येतं, जाळीतून गाळलं जातं, रबरी इंपेलरचा (पाकळ्यांच्या चाकाचा) पंप ते ओढतो, हीट एक्स्चेंजरमधून फिरवतो आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये, म्हणजे वाकड्या नळीत, धुरात मिसळून बाहेर फेकतो. आतलं पाणी म्हणजे कूलंट. ते इंजिनातच फिरतं, त्याचा पंप वेगळा आणि बहुतेकदा बेल्टवर चालणारा, आणि त्याच्याच वाटेत थर्मोस्टॅट बसलेला असतो. हीट एक्स्चेंजरमध्ये बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून बाहेरचं पाणी जातं, बाहेरून कूलंट. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते.

काही जुन्या इंजिनांत दुसरा फेराच नसतो, बाहेरचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. समुद्रावरच्या अशा इंजिनाचा थर्मोस्टॅट 50 ते 60 अंशांच्या दरम्यान उघडणारा असतो, कारण खारं पाणी त्याहून जास्त तापलं की आत क्षारांचा थर धरू लागतं. कूलंट असलेल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट साधारण 71 किंवा 82 अंशांचा असतो आणि तापमानाचा काटा 75 ते 90 च्या आसपास उभा राहतो. म्हणजे "85 म्हणजे तापलं का?" याचं उत्तर आपलं इंजिन कोणत्या जातीचं आहे त्यावर ठरतं. दुरुस्तीला हात लावण्याआधी हे माहीत करून घ्या.

काटा वर चढला की त्या क्षणी

रेस कमी करा, गिअर न्यूट्रल करा आणि मागे वाकून एक्झॉस्टकडे बघा. पाणी पडत असेल तर एक-दोन मिनिटं इंजिन स्लोवर चालू द्या, म्हणजे हेडमधली (इंजिनाच्या वरच्या भागातली) उष्णता हळूहळू उतरते. पाणी पडत नसेल तर लगेच बंद करा. एक्झॉस्टचा होज रबरी असतो, पाण्याशिवाय तो जळतो आणि बोट धुराने भरते.

मग नांगर टाका. नवीन माणूस हे विसरतोच. गंगापूरच्या बॅकवॉटरला दुपारनंतर वारा सुटतो, आणि तुम्ही इंजिनाच्या पेटीत डोकं घालून बसलेले असताना बोट खडकांवर जाऊन बसते. लाइफ जॅकेट अंगात, नांगर पाण्यात, आणि मगच पान्याला हात.

गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण कधीही उघडू नका. झाकण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं म्हणून ते 100 अंशांच्या वरही उकळत नाही. दाब सुटला की त्याच क्षणी त्याची वाफ होते आणि ती थेट तोंडावर येते. होज हाताने सहज धरता येईपर्यंत थांबा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकतं.

कधी तापतं, हे आधी विचारा

मालक सांगतो, "तापतंय." तेवढ्यावर काम सुरू करू नका. सुरू केल्याबरोबर दोन-चार मिनिटांत तापत असेल तर बाहेरचं पाणी येतच नाही, किंवा आत हवा अडकलीय, किंवा थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. स्लोवर ठीक आणि रेस दिली की तापत असेल तर पाणी येतंय पण कमी येतंय, नळ्या तुंबल्यात किंवा इंजिनावर लोड जास्त आहे. महिन्या-महिन्याला काटा थोडा थोडा वर सरकत असेल तर क्षारांचा थर बसलाय असं समजा. आणि कालच सर्व्हिसिंग झालं आणि आज तापतंय, तर काल कुणी काय उघडलं होतं तेच आधी बघा. बहुतेक वेळा दोष तिथंच सापडतो.

काटा खरं बोलतोय का, हेही तपासा. सेन्सरची वायर गंजली की काटा काहीही दाखवतो. हातात धरायची इन्फ्रारेड थर्मामीटरची गन आता स्वस्तात मिळते, ती घ्याच. थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरून मोजा. मात्र चकाकत्या धातूवर ती गन बरंच कमी तापमान दाखवते, म्हणून जिथं मोजायचं तिथं काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा किंवा काळ्या रंगाचा ठिपका लावून ठेवा आणि दर वेळी तिथंच मोजा.

पहिली पायरी: बादली

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी अवजार म्हणजे 10 लिटरची बादली. इंजिन 1500 आरपीएमला ठेवा, एक्झॉस्टच्या तोंडाखाली बादली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. इंजिन ठणठणीत असताना हा आकडा लिहून ठेवला असेल तर आज त्याच्याशी ताडून बघता येतो. माझ्याकडे येणाऱ्या 20 हॉर्सपॉवरच्या एका इंजिनाला 55 सेकंद लागायचे, तापायला लागलं तेव्हा 90 च्या वर गेले. पान्याला हात न लावता कळलं की दोष बाहेरच्या पाण्याच्या वाटेत आहे आणि थर्मोस्टॅटचा काही संबंध नाही.

धूरही बघून घ्या. पांढरा लोट बाहेर पडून लगेच विरत असेल तर ती वाफ, पाणी कमी पडतंय. पांढराच पण रेंगाळणारा आणि डिझेलचा वास मारणारा असेल तर न जळलेलं डिझेल, तो वेगळा आजार. डिसेंबरात निफाडचा पारा खाली येतो तेव्हा आपल्याकडे सकाळी प्रत्येक बोटीच्या एक्झॉस्टला वाफ दिसते. ती थंडीची वाफ असते, काटा जागेवर असेल तर तिला घाबरू नका.

दुसरी पायरी: कॉक, जाळी आणि ओढणीचा होज

कॉक पूर्ण उघडा आहे का? हसू नका, बंद कॉकवर जळालेले इंपेलर मी अनेक बदलले आहेत. मग कॉक बंद करून जाळीचं झाकण उघडा. एप्रिल-मेमध्ये धरणाचं पाणी उतरलं की काठाजवळ बोट गाळ ओढते, पावसात त्र्यंबककडून येणाऱ्या गढूळ पाण्याबरोबर पालापाचोळा येतो. जाळी धुवा, झाकणाची रबरी रिंग पुसून नीट बसवा. ती रिंग चिरलेली असेल तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. झाकण पारदर्शक असेल तर आत बुडबुड्यांची माळ दिसते.

आता जाळी स्वच्छ, तरी पाणी कमी. अशी एक बोट माझ्याकडे मे महिन्यात आली. माझ्याआधी दोघांनी बघितली होती, थर्मोस्टॅट काढून टाकला होता, कूलंट बदललं होतं, हीट एक्स्चेंजरही धुतला होता. स्लोवर तासभर काही नाही, पण रेस दिली की दहा मिनिटांत काटा वर. बंद करून बघावं तर सगळं ठीक. मी बरोबर भाच्याला घेऊन गेलो होतो. तो पोहणारा, काठाशी बोट बांधून घेतली, इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली आणि मगच त्याला पाण्यात उतरवलं. खालून ओरडला, "मामा, पिशवी आहे!" तळाच्या जाळीच्या एका कडेला निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी अडकली होती, हातभर लोंबत होती. रेस दिली की पंपाच्या ओढीने ती भोकावर चिकटायची, इंजिन थांबलं की सुटून लोंबायची. म्हणून वर बघणाऱ्याला कधीच काही सापडायचं नाही. तळ बघितल्याशिवाय वरचं काहीही उघडायचं नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

पंपाकडे जाणारा ओढणीचा होजही दाबून बघा. जुन्या होजचा आतला थर सुटतो, बाहेरून होज चांगला दिसतो आणि रेस दिली की चपटा होतो. रेस देऊन बघताना हात बेल्टपासून लांब ठेवा.

तिसरी पायरी: इंपेलर

कॉक बंद, पंपाचे स्क्रू काढा, पत्रा बाजूला करा. आत रबराचं फुलासारखं चाक दिसेल, बहुतेक सहा ते बारा पाकळ्यांचं. ते बाहेर काढून उजेडात धरा आणि एकेक पाकळी बोटाने मागे वाकवा. वरून धडधाकट दिसणाऱ्या पाकळीच्या मुळाशी केसासारखी बारीक चीर असते, ती वाकवल्यावरच उघडते. चीर दिसली की इंपेलर बाद. पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिल्या असतील तरी बाद. मधलं पितळी बुश रबरापासून सुटलेलं नाही ना, तेही बुश धरून चाक पिळून बघा. सुटलं असेल तर दांडा फिरतो आणि पाकळ्या जागच्या जागी राहतात.

पाकळी गायब असेल तर नवीन इंपेलर टाकून काम संपत नाही. गेलेला तुकडा कुठं आहे? तो पुढे वाहत जाऊन हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकून बसतो. एकदा पाच तुकडे कमी होते, मला चार सापडले. मालकाला घाई होती, तरी मी पुढचा होज सोडला. कोपऱ्यात वळणावर चिंचोक्याएवढा पाचवा तुकडा उभा अडकला होता. तो तसाच सोडला असता तर महिन्याभरात तीच बोट परत तापून आली असती. तुकडे जमिनीवर मांडून जुन्या इंपेलरला जुळवून बघा. चाक पूर्ण होईपर्यंत शोध थांबवू नका.

नवा इंपेलर बसवताना त्याला ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, तेलाने ते रबर फुगतं. पाकळ्या फिरण्याच्या उलट दिशेला झुकवून आत ढकला. पत्र्याच्या आतल्या बाजूला इंपेलरने खोल खाचा पाडल्या असतील तर पाणी तिथून मागे सटकतं आणि ओढ कमी होते. पत्रा बदला. कागदी गॅसकेटही मूळ जाडीचंच घ्या, जाड घातलं तर फट वाढते.

इंपेलरला पाणीच वंगण देतं. कोरडा फिरला की मिनिटभराच्या आतच खराब होऊ शकतो. म्हणून कॉक बंद केलात की स्टार्टरची चावी काढून कॉकच्या दांड्याला अडकवा. चावी हवी असेल तर कॉकपर्यंत जावंच लागतं.

चौथी पायरी: कूलंट, झाकण, बेल्ट

बादलीचा आकडा बरोबर आला असेल तर बाहेरचं पाणी ठीक आहे. आता आतलं बघा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर झाकण उघडा. पातळी कमी असेल तर पाणी कुठंतरी जातंय, नुसतं भरून गप्प बसू नका. झाकणाची रबरी रिंग कडक झाली असेल तर दाब राहत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. झाकणावर छापलेल्या दाबाच्या आकड्याचंच नवं घ्या.

"नाशिकला बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, साधं पाणी घालू," असं सर्रास म्हणतात. कूलंट गंज थांबवतं आणि उकळबिंदू वाढवतं, आपल्याला ते यासाठी हवंय. त्यात बोअरचं पाणी तर घालूच नका. ड्रिपच्या नळ्यांत जो पांढरा थर बसतो आणि ज्यासाठी बागेत ॲसिड सोडावं लागतं, तोच थर इंजिनाच्या आत बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिसळलेलं घ्या.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. काढलेलं जुनं कूलंट आणि बोटीच्या तळाशी साचलेलं तेल धरणात सोडू नका. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक शहर पितं. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, गुरं-कुत्रीसुद्धा चाटतात. बरोबर एक रिकामा कॅन ठेवा, त्यात भरा, बूच घट्ट लावा आणि गॅरेजला परत आणा.

भरताना सावकाश भरा. बोटीतलं इंजिन तिरकं बसलेलं असतं, वरच्या टोकाला हवा अडकते. हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यातून कूलंट येईपर्यंत तो ढिला ठेवा. मग झाकण उघडं ठेवून गार इंजिन सुरू करा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि झाकण लावा. बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबून बघा, 10 मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. चकाकत असेल तर घसरतोय.

पाचवी पायरी: थर्मोस्टॅट, पण पातेल्यात

आता, आणि आताच, थर्मोस्टॅट काढा. फेकायला नाही, तपासायला. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट सुतळीने लोंबकळत ठेवा, पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस बारीक करा. थर्मोस्टॅटवर छापलेल्या आकड्याच्या आसपास मधली चकती हलायला लागते आणि त्यावर साधारण 10 ते 15 अंशांत पूर्ण उघडते. 82 चा असेल तर 95 ला सताड उघडा दिसला पाहिजे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचावर आहे, इथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेलं खळखळलं म्हणून 100 झाले असं समजू नका, थर्मामीटरच बघा. गॅस बंद केल्यावर चकती पूर्ण बंद होते का, हेही बघा.

काढून टाकलेल्या थर्मोस्टॅटने काय होतं? इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते आणि सिलिंडरची आतली अस्तरं, म्हणजे लायनर, झिजतात. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला की निम्मं कूलंट हीट एक्स्चेंजरला न जाता तसंच गोल फिरतं, आणि इंजिन आणखी तापतं.

सहावी पायरी: हीट एक्स्चेंजर

उघडण्याआधी गनने मोजा. बाहेरचं पाणी आत जातं तिथं एक आकडा, बाहेर येतं तिथं दुसरा. कूलंट खूप तापलंय आणि या दोन आकड्यांतला फरक मोठा आहे, तर पाणी उष्णता घेतंय पण पाणीच थोडं आहे, परत मागच्या पायऱ्यांवर जा. कूलंट तापलंय आणि फरक मात्र नगण्य, तर उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही: थर बसलाय, किंवा आतलं कूलंट फिरत नाही.

टोकांची झाकणं काढून नळ्यांतून आरपार बघा. गाळ असेल तर लाकडी किंवा पितळी काडीने अलगद साफ करा, लोखंडी तार नको. थर असेल तर जुडगा काढून कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात ठेवा. बुडबुडे येतील, ते थांबले की भरपूर पाण्याने धुवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकतं. समुद्रावरच्या बोटीला इथं जस्ताची पेन्सिल असते. गंज धातूला न लागता तिला लागावा म्हणून ती बसवतात. झिजून तिचे तुकडे पडतात आणि तेही नळ्यांच्या तोंडाशी साचतात. निम्मी झिजली की बदला.

अजून तापतंय?

एक्झॉस्टचा एल्बो सोडून आत बघा. काजळी आणि गंजाने भोक अरुंद झालं असेल तर इंजिनाचा श्वास कोंडतो. खाऱ्या पाण्यातल्या जुन्या बोटींना हे हमखास होतं. काळा धूर आणि पूर्ण आरपीएम न गाठणं, ही त्याची खूण. तीच खूण बोट ढकलणाऱ्या पंख्याला पाणवेली किंवा जाळ्याची दोरी गुंडाळल्यावरही दिसते, म्हणून दोन्ही बघा.

सगळं ठीक असूनही तापत असेल तर गार इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. कूलंटमध्ये सतत बुडबुडे, सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज टणक, किंवा ऑइलच्या काडीवर दुधाळ चहासारखा रंग, यातलं काहीही दिसलं तर हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी) गेलंय असं समजा. इथं नवीन माणसाने थांबावं आणि हेड उघडलेल्या जाणत्या फिटरला बोलवावं. दुधाळ ऑइलवर इंजिन पुन्हा सुरू करू नका, बेअरिंग जातात.

परत जोडल्यावर

इंजिन पटकन पकडत नसेल तर सेल मारत बसू नका. प्रत्येक सेलबरोबर पंप पाणी एक्झॉस्टमध्ये ढकलतो, ते बाहेर फेकायला धूर नसतो, आणि सायलेन्सर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. दोन-तीनदा न पकडल्यास कॉक बंद करा आणि आधी डिझेलचा दोष शोधा. इंजिन पकडताच कॉक उघडा.

मग अर्धा तास लोडवर चालवा, काठाला बांधून नुसती रेस देऊन नाही. दर पाच मिनिटांनी काळ्या टेपवर गन धरा. आकडा एका जागी थांबला पाहिजे. थांबला की पुन्हा बादली धरा, सेकंद मोजा, आणि इंजिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून ऑइलपेंटने लिहून ठेवा: तारीख, बादलीचे सेकंद, थर्मोस्टॅटच्या घराचं तापमान, इंपेलर कधी टाकला. पुढच्या वेळी झाकण उघडेल तेव्हा समोर हेच आकडे असतील, मग तुम्ही असा की दुसरा कुणी फिटर.